‘अनुभव नाही’ असे लिहू नका!

दहावी-बारावीचे निकाल लागले, आयटीआयच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या मावळ तालुक्यात नोकरीच्या शोधाचा हंगाम सुरू होतो. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या गावांतल्या झेरॉक्सच्या दुकानांवर मुलांची गर्दी होते. ‘बायोडाटा काढून द्या’ एवढेच मुलगा सांगतो. दुकानदार संगणकातली जुनी फाईल उघडतो, आधीच्या मुलाचे नाव पुसतो, नवे टाकतो, टक्के बदलतो आणि पाच प्रती काढून हातात देतो. छंद मात्र सगळ्यांचे तेच राहतात : वाचन, क्रिकेट आणि गाणी ऐकणे. अगदी खाली ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असे निवेदन असते आणि त्याच्या जरा वर एक ओळ असते : ‘अनुभव : नाही.’

या लेखाचा विषय ही एक ओळ आहे. कापडाच्या धंद्यात माझे आयुष्य गेले. दुकानात कामासाठी अर्ज येतात, ओळखीच्या कारखानदारांकडे आणि हॉटेलवाल्यांकडे आलेले अर्जही पाहण्यात येतात. त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, आपल्या मुलांना नोकरी न मिळण्याची जी अनेक कारणे आहेत त्यांत या ओळीचा वाटा मोठा आहे. शिवाय ही ओळ बहुतेक वेळा खोटी असते. मुलगा खोटे बोलतो तो स्वतःच्या विरुद्ध.

दोन बायोडाट्यांची गल्लत

आपल्याकडे बायोडाटा हा शब्द दोन कामांसाठी वापरला जातो, एक रिश्त्यासाठी आणि दुसरा नोकरीसाठी. दोन्हींची इतकी गल्लत झाली आहे की नोकरीच्या कागदावर उंची, रंग, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, मामांचे गाव असा सगळा मजकूर सापडतो. सोयरीक जुळवताना या गोष्टींना किंमत असेल. पण तळेगावच्या कारखान्यातल्या सुपरवायझरला त्यांचा काडीचा उपयोग नाही. त्याला एकच प्रश्न पडलेला असतो : हा मुलगा सोमवारी सकाळी आला तर कोणते काम करू शकेल?

याचे उत्तर ज्या कागदावर पहिल्या दहा ओळींत मिळते तो कागद बाजूला काढून ठेवला जातो. बाकीचे ढिगाऱ्यात जातात. आता ढीगही टेबलावर राहिलेला नाही. अर्ज मोबाईलवर येतात आणि मोठ्या कंपन्यांत तर पहिली छाननी संगणकच करतो. जाहिरातीत मागितलेले शब्द अर्जात आहेत की नाहीत, हे तो पाहतो. जाहिरातीत ‘वेल्डर’ हवा असेल आणि तुम्ही ‘फॅब्रिकेशनमध्ये मदत केली’ असे लिहिले असेल, तर तुमचा हुनर कुणाच्या नजरेलाही पडणार नाही.

सबब पहिले काम काटछाटीचे. धर्म, जात, उंची, वजन, कुटुंबाची माहिती, छंद हे सगळे काढून टाकावे. आधार कार्डाची प्रत अर्जाला जोडून गावभर वाटू नये. नेमणूक झाल्यावर मागतील तेव्हा द्यावी. ‘मला माझ्या क्षमतेचा पुरेपूर वापर करता येईल अशा संस्थेत काम करायचे आहे’ या अर्थाचे जे इंग्रजी वाक्य सगळ्यांच्या कागदावर सर्वात वर असते, तेही काढावे. ते वाक्य कुणीच वाचत नाही, आणि मुलाखतीत त्याचा अर्थ विचारला तर मुलाची फजिती होते. जे इंग्रजी शब्द आपल्याला स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाहीत, ते आपल्या कागदावर असू नयेत.

घरचे काम म्हणजे काम नव्हे?

आता त्या ओळीकडे वळू. ‘अनुभव नाही’ असे लिहिणारा मुलगा कोण असतो? सहावी-सातवीपासून सुट्टीत मामांच्या गॅरेजवर बसणारा, दिवाळीत चुलत्यांच्या दुकानात गल्ला सांभाळणारा, पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानावर उभा राहणारा, वडिलांच्या फळांच्या गाडीसाठी पहाटे मार्केट यार्डातून माल आणणारा. अठरा-वीस वर्षांच्या वयात या मुलाच्या गाठीशी चार-पाच वर्षांचा तजुर्बा असतो. पण त्याच्या मनात पक्के बसले आहे की नेमणूकपत्र मिळाले तरच ते काम. बाकी सगळी ‘घरची मदत’.

हा विचार मुळातून चुकीचा आहे. मालकाला गरज असते ती काम येणाऱ्या माणसाची. ते काम तो पगारावर शिकला की मामांच्या हाताखाली, हा नंतरचा प्रश्न आहे. मात्र केलेले काम कागदावर नीट मांडावे लागते. ‘गॅरेजमध्ये काम केले’ असे तीन शब्द लिहून भागत नाही.

कापडाच्या धंद्यातले उदाहरण देतो. भिवंडी किंवा इचलकरंजीहून ताका येतो तेव्हा त्यावर ‘उत्तम कापड’ एवढेच लिहिलेले असले तर कोणीही व्यापारी तो घेणार नाही. सूत कोणते, पन्हा किती, मीटर किती, सुती की मिश्र, कोणत्या मिलचे, हे तो पाहतो. चांगल्या मिलचे नाव कापडाच्या किनारीवरच छापलेले असते. ते वाचल्यावर हाताने कापड चोळून पाहतो आणि मगच भाव बोलतो. तुमचा बायोडाटा ही ती किनार आहे. मुलाखत म्हणजे कापड चोळून पाहणे. किनारीवर काही लिहिलेलेच नसेल तर ताका उलगडण्याची तसदी कोण घेईल? आणि किनारीवर एक लिहिले आणि आत दुसरे निघाले, तर तो व्यापारी पुन्हा तुमच्या गाळ्याची पायरी चढणार नाही.

कसे लिहावे? ही घ्या तीन उदाहरणे.

पहिले गॅरेजचे. ‘गॅरेजमध्ये काम केले’ याऐवजी असे लिहावे : ‘खंडाळा येथील गॅरेजमध्ये 5 वर्षे (2019 ते 2024). घाट चढून आलेल्या गाड्यांचे तापलेले रेडिएटर, क्लच प्लेट व ब्रेक लायनर बदलण्याचे काम स्वतंत्रपणे केले. दुचाकीचे इंजिन उघडून जोडता येते. बीएस-6 गाड्यांच्या फ्युएल इंजेक्शनचे काम उस्तादांच्या देखरेखीखाली केले. हाताखाली 2 मुले शिकली.’ येथे जे स्वतः येते ते वेगळे आणि जे देखरेखीखाली केले ते वेगळे लिहिले आहे, हे लक्षात घ्यावे. मालकाचा विश्वास याच फरकावर बसतो.

दुसरे हॉटेलचे : ‘लोणावळ्यात 22 खोल्यांच्या हॉटेलमध्ये 3 पावसाळे स्वागतकक्षावर काम. शनिवार-रविवारी सर्व खोल्यांच्या नोंदी व ओळखपत्रांची तपासणी. रोख व यूपीआयचा हिशेब रोज रात्री जुळवून मालकांकडे दिला. मराठी, हिंदी, उर्दू उत्तम. इंग्रजी व गुजराती कामापुरते.’

तिसरे आमच्या धंद्याचे : ‘कापड दुकानात 6 वर्षे. लग्नसराईत दिवसाला 40 ते 50 गिऱ्हाइके हाताळली. एका शाळेच्या 300 मुलांच्या गणवेशाची मापे घेऊन वेळेत वाटप केले. दर महिन्याला साठ्याची मोजणी आणि तुटीचा हिशेब. जीएसटीचे बिल संगणकावर करता येते.’

यात कुठे बढाई आहे काय? एकही विशेषण नाही. ‘मेहनती’, ‘इमानदार’, ‘होतकरू’ असे काही लिहिलेले नाही. पण जो मुलगा रोजचा गल्ला जुळवून देत होता तो इमानदार आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. आकडा, काळ आणि काम या तीन गोष्टी असल्या म्हणजे पुरे.

गिऱ्हाइकाची गरज आधी

लिओनार्दो दा विंची या चित्रकाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याने सुमारे 1482 साली मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी एक पत्र तयार केले होते. नोकरीच्या अर्जाचा जुना नमुना म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो. गंमत अशी की त्यात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. आधी मुद्देवार सांगितले आहे की मी हलके पूल बांधू शकतो, तोफा करू शकतो, किल्ल्याला वेढा पडला तर खंदकातले पाणी काढू शकतो. त्या काळात मिलानच्या सत्ताधीशाला युद्धाची चिंता होती. ज्याला जे हवे ते आधी सांगावे, हे व्यापाराचे सूत्र त्या कलावंताने ओळखले होते.

आपल्या मावळात तर एका तालुक्यात तीन-चार प्रकारचे बाजार आहेत. लोणावळा-खंडाळ्यात हॉटेल, बंगले, चिक्की आणि पर्यटन. तळेगावच्या बाजूला नवलाख उंब्रे, आंबी, मंगरूळ या भागांतली एमआयडीसी आणि फुलशेतीचे पार्क. कान्हे, उर्से येथले कारखाने. शिवाय पुणे-मुंबई द्रुतगती मार्गामुळे वाढलेली गोदामे आणि मालवाहतूक. या सगळ्यांना एकच कागद पाठवणे म्हणजे लग्नाच्या गिऱ्हाइकाला गणवेशाचे कापड दाखवण्यासारखे आहे. हॉटेलसाठी लिहाल तेव्हा भाषा आणि हिशेब वर आणा. कारखान्यासाठी लिहाल तेव्हा आयटीआयचा ट्रेड, चालवता येणारे यंत्र, मोजमापाची साधने वर आणा. गोदामासाठी साठ्याची मोजणी आणि चलन-बिलांचे काम वर आणा. आयुष्य तेच, फक्त क्रम बदलायचा. खोटे काही घालायचे नाही.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मी स्वतः उर्दू माध्यमातच शिकलो. ही मुले शाळेचे नाव लिहिताना संकोच करतात. संकोचाचे कारण नाही. तुमचे दहावीचे प्रमाणपत्र त्याच राज्य मंडळाचे असते, ज्याचे मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे असते. उलट तुम्हाला उर्दू, हिंदी, मराठी या तीन भाषा येतात आणि दोन लिप्या वाचता येतात. ‘भाषा’ या मथळ्याखाली बोलणे, वाचणे, लिहिणे असे वेगवेगळे लिहा. मराठी बोलता येते पण लिहिताना अडखळता, तर तसेच लिहा. आणि पुढच्या सहा महिन्यांत रोज मराठी वर्तमानपत्र वाचून ती कमतरता भरून काढा. या तालुक्यात ग्रामपंचायतीपासून तहसील कचेरीपर्यंत कामकाज मराठीतून चालते. ज्याला चांगले मराठी येते त्याला कोणत्याही हॉटेलात, कारखान्यात मान मिळतो.

बंद पडलेल्या कारखान्याचा धडा

तळेगावच्या एमआयडीसीत जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना 2008 साली सुरू झाला. मावळातल्या अनेक घरांत त्यामुळे कायम नोकरीचा पगार आला. कंपनीने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले, पुढे काही काळ निर्यातीसाठी उत्पादन चालले आणि डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबले. हजाराहून अधिक कामगारांवर बेकारीची वेळ आली. एका चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार 2022 मध्ये बारगळला, मग 2023 मध्ये ह्युंदाईशी व्यवहार ठरला. 2025 मध्ये त्या जागेत पुन्हा गाड्या तयार होऊ लागल्या. मधली चार-पाच वर्षे मात्र कामगारांच्या संसारातून वजा झाली.

दहा-बारा वर्षे एका जागी काम केलेल्या माणसाला चाळिशीत पहिल्यांदा बायोडाटा लिहिण्याची पाळी येते तेव्हा तो ‘12 वर्षे ऑपरेटर’ एवढेच लिहितो. वास्तविक मोटारीच्या कारखान्यात प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली, गुणवत्ता तपासणी असे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येक विभागाचे कौशल्य वेगळे असते. रोबोने होणाऱ्या वेल्डिंगची तपासणी करणारा आणि गाडीत वायरिंग बसवणारा, दोघेही ‘ऑपरेटर’. पण दोघांना लागणारी पुढची नोकरी निराळी. कोणत्या विभागात, कोणत्या यंत्रावर, कोणते दोष पकडले, किती नव्या मुलांना शिकवले, सुरक्षिततेचे कोणते प्रशिक्षण घेतले, हे लिहिले तर तो अर्ज वेगळा उठून दिसतो.

यातून नोकरीत असलेल्यांनी धडा घ्यावा. बायोडाटा नोकरी गेल्यावर लिहायला बसू नये. दर वर्षी एकदा, दुकानाचा हिशेब मार्चअखेर बंद करतो तसा, आपल्या कामाचा हिशेब वहीत लिहून ठेवावा. त्या वर्षी काय नवे शिकलो, कोणते यंत्र हातात आले, कोणती जबाबदारी वाढली, याच्या चार ओळी पुरतात. नोकरी सुटल्यावर घाबरलेल्या मनाला यातले अर्धेही आठवत नाही.

आणि घोषणांवर विसंबून राहू नये. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार म्हणून किती चर्चा झाली होती! सप्टेंबर 2022 मध्ये तो गुजरातला जाणार असे जाहीर झाले, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. येणाऱ्या कारखान्याची वाट पाहत हातातला हुनर गंजू देणे परवडणारे नाही.

ठेकेदाराकडचे काम आणि कागदाचे पुरावे

एमआयडीसीत जाणारी आपली बहुतेक मुले ठेकेदारामार्फत लागतात. सात महिने एका कारखान्यात, अकरा महिने दुसऱ्यात. बायोडाट्यात ही मुले कारखान्याचे नाव लिहितात; चौकशी झाली की कारखाना म्हणतो, हा मुलगा आमच्या पटावर नाही. मग मुलगा खोटा ठरतो. म्हणून दोन्ही नावे लिहावीत : ‘अमुक ठेकेदारामार्फत तमुक कारखान्यात, या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत.’ यात कमीपणा काही नाही.

पुरावा म्हणून भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उपयोगी पडते. 2014 पासून प्रत्येक सभासदाला यूएएन हा एकच क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. कुणी किती महिने पैसे भरले हे त्यात दिसते. पासबुकात एखाद्या काळाची नोंद नसेल, तर ठेकेदाराने पैसे कापून भरले की नाही हेही तेथेच कळते. पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचा क्रमांक, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे हे सगळे एका फाईलमध्ये ठेवावे. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली असेल, तर तिचे प्रमाणपत्र सर्वात वर.

ज्यांच्याकडे हुनर आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधीच शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे. गॅरेजवाला, शिलाईवाला, सुतार, नळकाम करणारा अशा लोकांसाठी ती आहे. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात किंवा जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करावी.

बनावट अनुभवपत्र मात्र कधी घेऊ नये. शंभर-दोनशे रुपयांत शिक्का मारून देणारे महाभाग सर्वत्र असतात. चांगल्या कंपन्या आता जुन्या मालकांना फोन करतात, पासबुक पाहतात. पकडला गेला तर मुलाची नोकरी जातेच, शिवाय त्याच गावातून पुढे अर्ज करणाऱ्या दहा मुलांकडे संशयाने पाहिले जाते.

नावाचा प्रश्न

आता एका नाजूक विषयाबद्दल बोलायला हवे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी एक प्रयोग केला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, लियाकत सारखी. फरक फक्त नावात. त्यांच्या मोजमापानुसार उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश भरली. 2022 मध्ये लेडबाय फाउंडेशनने एक हजार जाहिरातींवर असाच प्रयोग केला. एकच बायोडाटा दोन मुलींच्या नावाने पाठवला. हिंदू नावाला 208 ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, मुस्लिम नावाला 103 ठिकाणांहून.

हे वाचून काही मुले विचारतात की मग नाव बदलून किंवा फक्त आद्याक्षरे लिहून अर्ज करावा काय? माझे मत नाही असेच आहे. नाव लपवून मुलाखतीपर्यंत पोहोचाल, पण प्रमाणपत्र दाखवताना ते उघड होणारच आणि तेव्हा ‘लपवले’ हा ठपका वेगळा बसेल. दुसरी काही मुले म्हणतात की मग अर्ज करण्यात अर्थच काय? हेही बरोबर नाही. त्या 103 ठिकाणच्या लोकांनी नाव वाचूनच उत्तर दिले होते. हिशेब व्यापाऱ्याच्या डोक्याने करावा. ज्या मालाला दहा गिऱ्हाइकांमागे दोन मिळतात, तो माल वीस गिऱ्हाइकांना दाखवावा लागतो. दुप्पट अर्ज करावेत, आणि कागद असा पक्का असावा की नाकारणाऱ्याला नावाखेरीज कारण सापडू नये. अन्याय आहे तो आहे. त्याविरुद्ध कायद्याने आणि सनदशीर मार्गाने बोलणाऱ्यांनी बोलत राहावे. पण तो संपेपर्यंत मुलाने घरी बसावे, हा सल्ला कोणताही बाप देणार नाही.

नावाबाबत जे आपल्या हातात आहे ते तरी नीट करावे. आपल्याकडे एकाच मुलाचे नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पॅनवर तिसरे असते. कुठे ‘मोहम्मद’, कुठे नुसते ‘मो.’, कुठे ‘शेख’ आधी, कुठे नंतर, इंग्रजी स्पेलिंग तर तीन ठिकाणी तीन. नेमणूक झाल्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि बँक यांची नावे जुळत नाहीत म्हणून पगार अडतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आधार मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. दहावीचेच नाव चुकले असेल, तर शाळेमार्फत मंडळाकडे वेळीच अर्ज करावा.

भगिनींना दोन शब्द

मुलींच्या आणि गृहिणींच्या कागदावर ‘अनुभव नाही’ ही ओळ तर हमखास असते. घरी वीस मुलांची शिकवणी घेणारी, शेजारपाजारचे ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवणारी, भावाच्या बेकरीचा हिशेब मोबाईलवर ठेवणारी मुलगी स्वतःला ‘घरी असते’ म्हणवते. किती मुले, कोणत्या इयत्ता, किती वर्षे. महिन्याला किती कपडे, कोणते यंत्र. किती उलाढालीचा हिशेब, हे तिनेही आकड्यांनिशी लिहावे. लग्न किंवा बाळंतपणामुळे मध्ये काही वर्षे खंड पडला असेल, तर ‘कौटुंबिक कारणास्तव खंड, 2018 ते 2022’ असे एका ओळीत सरळ लिहावे. लपवलेला खंड संशय निर्माण करतो, सांगितलेला खंड कुणी मनावर घेत नाही.

व्यापाऱ्यांनीही आपले काम करावे

येथवर सारा उपदेश मुलांना झाला. पण खरी अडचण दुसऱ्या बाजूला आहे आणि ती बोलून दाखवायलाच हवी.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो. आपल्या लोकांची दुकाने, गॅरेज, बेकऱ्या, खाणावळी चार-पाच माणसांच्या असतात. तेथे काम करणाऱ्या मुलाचा कुठल्याच सरकारी वहीत उल्लेख नसतो. त्याच्या पाच वर्षांचा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे मालक. हा मालक दिलदार असतो, ईदला कपडे करतो, बहिणीच्या लग्नाला उचल देतो. पण मुलगा दुसरीकडे निघाला आणि त्याने दोन ओळी लिहून मागितल्या की कपाळाला आठ्या पडतात. ‘तू आमच्या घरचा मुलगा, तुला कागद कशाला?’ असे म्हणतात. काहींना भीती वाटते की लिहून दिले तर उद्या काही हक्क मागेल. काहींना हाताशी आलेला मुलगा सोडायचा नसतो.

माझ्या मते हा मुलाच्या कमाईवर घातलेला हात आहे. पगार आपण महिन्याच्या महिन्याला देतो. पण त्याने जो तजुर्बा कमावला तो आपल्याकडे अमानत म्हणून पडून असतो. जाताना तो त्याच्या हातात द्यायला हवा.

तळेगावच्या लोकांना पैसा फंडाचा काच कारखाना आठवत असेल. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या निधीतून तो 1908 साली सुरू झाला. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या अनेक काच कारखान्यांत गेले. ‘तळेगावला शिकलो’ हीच त्यांची ओळख होती. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला जाऊ दिले म्हणून एका छोट्या गावाचे नाव सर्वदूर झाले. आपल्या दुकानाचे नावही असेच चार ठिकाणी जाऊ शकते.

पत्र लिहायला पाच मिनिटे पुरतात. दुकानाच्या लेटरहेडवर तारीख टाकावी. मुलाचे पूर्ण नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहावे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, कोणती कामे करत होता, त्यांतले कोणते काम एकटा सांभाळत होता, सोडून जाण्याचे कारण काय, हे लिहावे. खाली सही, शिक्का आणि आपला फोन नंबर द्यावा. कुणी चौकशीसाठी फोन केला तर खरे सांगावे. खोटी तारीफ लिहू नये. ज्याला बिल करता येत नाही त्याला येते असे लिहिले, तर पुढच्या वेळी आपल्या लेटरहेडची किंमत राहणार नाही.

लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव येथल्या आपल्या व्यापारी बांधवांना माझी विनंती आहे की, गेल्या पाच वर्षांत ज्या मुलांनी आपले दुकान सोडले त्यांची यादी काढावी आणि जे अजून काम शोधत फिरत आहेत त्यांना बोलावून हे पत्र द्यावे. न मागता द्यावे. आणि मुलांनी ते पत्र मिळाल्यावर आपल्या कागदावरची ‘अनुभव : नाही’ ही ओळ खोडून तेथे वर्षे आणि कामे लिहावीत.